गुलाबी बोंडअळी : एक जनुक, अनेक उतारे

बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी का मरत नाही, असे आपण नेहमी विचारता. बियाण्यावर संशय घेतला जातो. काही वेळा तो खराही असेल. पण मोठे कारण अळीच्या आतड्यात आहे.

तेथे कॅडहेरिन नावाचे प्रथिन असते. बीटीचे क्राय १ एसी हे विष त्याला चिकटते व पुढे अळी मरते. प्रथिनाची माहिती जनुकात असली तरी पेशी मूळ जनुकावरून थेट काम करीत नाही. मूळ दप्तर तलाठ्याकडे राहते आणि आपण सातबाऱ्याचा उतारा घेऊन फिरतो, तसेच हे. उतारा काढताना पेशी नको असलेला मजकूर कापून उरलेले तुकडे जोडते. जोडणी चुकली की एकाच जनुकाचे निरनिराळे उतारे निघतात.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या, प्रयोगशाळेत निवडलेल्या प्रतिकारक अळ्यांत या जनुकाचे चार बिघडलेले प्रकार सापडले होते : आर-१ ते आर-४. भारतातील सात ठिकाणच्या ४३६ किडी तपासल्या, तर त्यांत या चारांपैकी एकही नव्हता. मग आपली कीड निर्दोष म्हणावी काय? जनुक वाचून पाहिल्यावर आठ नवे प्रकार मिळाले, आर-५ ते आर-१२, आणि त्यांचे उतारे भरले १९! हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गट नंबरपुढे पोटहिस्सा लिहितो, तशी प्रकाराच्या क्रमांकापुढे उताऱ्याचीही खूण लिहावी लागते, ती यासाठी.

उतारा वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. मजकूर मध्येच संपतो काय? तुकडा गळाला आहे काय? त्या १९ पैकी प्रत्येकात यांतील एक तरी दोष होता. गळालेला तुकडा किमान ९९ अक्षरांचा. तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या ३३ कड्या नाहीशा. विष चिकटणार कोठे? दुसऱ्या विषाबाबत, म्हणजे क्राय २ एबीबाबत, एबीसीए-२ या वेगळ्या जनुकात अशीच चुकीची जोडणी भारतातील अळ्यांत २०१८ मध्ये नोंदली गेली.

हा प्रतिकार मुख्यतः सुप्त गुणाचा आहे. नर व मादी दोघांकडून बिघडलेले जनुक आले तरच अळी तगते. म्हणून बिगर-बीटी बियाणे वेगळे मिळाल्यास ते फेकू नये, कडेने लावावे. त्यावरील साध्या पतंगांशी संकर झाला की पुढची पिढी विषाला बळी पडते. मात्र प्रतिकारक कीड सर्वत्र पसरल्यावर एवढ्याने भागत नाही. फरदड घेऊ नये, डिसेंबरअखेर पीक काढावे आणि पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत.