शिडाच्या होडीत दोन दिवस

मुलांनो, तुम्ही आगगाडीने प्रवास केला असेल. वाटेत तहान लागली तर पुढच्या स्टेशनावर पाणी मिळते. भूक लागली तर गरम भजी मिळतात. शिडाच्या होडीचे तसे नसते. किनारा सोडला की होडीत जे भरले असेल तेवढेच आपले. म्हणून दोन दिवसांच्या सफरीची खरी सुरुवात आदल्या दिवशी बाजारात होते.

चला, आपण एक सफर ठरवू या. महिना डिसेंबरचा. होडी २५ फुटांची. तिला एक डोलकाठी, दोन शिडे आणि चार माणसे जेमतेम झोपतील एवढी खोली. शिडाला आपण उर्दूत बादबान म्हणतो आणि नांगराला लंगर. बंदर, जहाज, खलाशी हे शब्द तर दोन्ही भाषांत चालतात. शनिवारी दुपारी मुंबई बंदरातून निघायचे, मांडव्याजवळ रात्र काढायची आणि रविवारी परतायचे. अंतर फार नाही, समुद्रातून १४-१५ किलोमीटर. पण बरोबर अनुभवी तांडेल हवाच. होडी त्याच्याच हुकमाने चालते.

आधी पाण्याचा हिशोब करू. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ४ लिटर धरा. चार माणसांचे दोन दिवसांचे ३२ लिटर झाले. तेवढेच घ्यायचे का? नाही. वारा पडला तर होडी अडकून राहते. म्हणून आणखी एका दिवसाचे पाणी घ्यायचे. एकूण ४८ लिटर. हे सगळे एकाच पिंपात भरू नका. पिंप फुटले की सगळेच गेले. पाच-पाच लिटरचे दहा डबे घ्या. हे ओझे सुमारे ५० किलोंचे होते. ते होडीच्या तळाशी, मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखे ठेवा. एका बाजूला ठेवले तर होडी कलते.

तुम्ही विचाराल, चारी बाजूंना पाणीच पाणी असताना ही काळजी कशाला? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. एवढे मीठ बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी लागते. म्हणजे समुद्राचे पाणी पिणारा माणूस अधिकच तहानेला होतो. हां, खुल्या समुद्रातले स्वच्छ पाणी भात शिजवताना मिठाऐवजी थोडेसे घालता येते. बंदरातले पाणी मात्र त्यालाही नको.

खाण्याच्या जिनसांत लवकर नासणारे आधी, टिकणारे नंतर असा क्रम लावा. पहिल्या दिवशी पोळ्या, उकडलेली अंडी, केळी. दुसऱ्या दिवशी तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे. मधल्या वेळेला चणे, खजूर, गूळ-शेंगदाणे. काड्यापेट्या दोन घ्या आणि दोन वेगळ्या घट्ट डब्यांत ठेवा. गॅसची शेगडी असेल तर फार जपा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर उडून जात नाही, होडीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने भडकतो. चहा झाला की टाकीचा खटका लगेच बंद करायचा.

भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकटेच मुंबईहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. ते ३१ मार्च २०१३ रोजी परत मुंबईला पोहोचले. या पाच महिन्यांत त्यांनी एकाही बंदरात मुक्काम केला नाही. अशा प्रवासाची यादी करताना किती विचार करावा लागला असेल! आपली सफर दोनच दिवसांची, पण यादी लिहूनच काढा. तोंडी यादीवर माझा तरी विश्वास नाही.

प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवे. विजेरी आणि औषधांची पेटी हवी. हवामानाचा अंदाज पाहूनच निघायचे. घरी सांगून ठेवायचे, "रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत आलो नाही तर तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा."

भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला आहात. होडीत ते तुमच्या गालाला कळतात. दुपारी वारा समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून येतो. मांडवा दक्षिणेकडे आहे. त्यामुळे जाताना वारा पाठीशी असतो आणि दोन-अडीच तासांत होडी पोहोचते. येताना तोच वारा समोरून लागेल. शिडाची होडी वाऱ्याच्या अगदी तोंडावर चालू शकत नाही. तिला नागमोडी जावे लागते आणि अंतर वाढते. म्हणून परतताना पहाटेचा, जमिनीवरून येणारा मतलई वारा गाठायचा.

रात्र सुखाची जाणार की नाही, हे नांगरावर ठरते. समजा, ओहोटीच्या वेळी पाणी ३ मीटर खोल आहे. मुंबईजवळ उधाणाच्या भरतीला पाणी ४ मीटरहून अधिक चढते. मध्यरात्री तेथेच ७ मीटर पाणी होईल. दोर भरतीच्या खोलीच्या निदान पाचपट, म्हणजे ३५ मीटर सोडायला हवा. दोर लांब असला तर ओढ आडवी बसते आणि नांगर चिखलात रुततो. ३ मीटर पाहून १५ मीटर दोर सोडला, तर भरतीला तो वर खेचला जातो, नांगर उखडतो आणि झोपलेल्या माणसांसह होडी खडकांकडे वाहू लागते.

म्हणून डोलकाठीवर पांढरा दिवा लावा आणि पाळीपाळीने जागा. किनाऱ्यावरचे, एक पुढे आणि एक मागे असे दोन दिवे एका रेषेत धरा. भरती-ओहोटीबरोबर होडी नांगराभोवती फिरते, तेव्हा ते थोडे सरकतील. पण एकाच दिशेने सरकतच राहिले तर तांडेलाला हाक मारा. लाजू नका. उगीच उठवले म्हणून कोणताही तांडेल रागावणार नाही.

पहाटे सहाला नांगर काढायचा. मतलई वारा नऊ-दहाच्या सुमारास मंदावतो आणि खारा वारा सुरू व्हायला वेळ लागतो. मग शीड लोंबते, ऊन चढते, मुंबईच्या इमारती दिसत असतात आणि होडी जागची हलत नाही. अशा वेळी तळाशी ठेवलेल्या त्या जास्तीच्या डब्यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते.

धक्का जवळ आला तरी उरलेले पाणी ओतायचे नाही. होडी बांधली, दोर आवळला, सगळे उतरले, की मग त्या गोड्या पाण्याने कप्प्यांवरचे आणि दोरांवरचे मीठ धुऊन काढायचे.