कॅशमध्ये जागा कुणाला?

मेनफ्रेम म्हटलं की प्रोसेसरच डोळ्यांपुढे येतो. पण काम बहुतेक वेळा अडतं ते डिस्कपाशी, म्हणून स्टोरेज कंट्रोलरमध्ये कॅश असते. समजा, कॅशमधून डेटा १ मिलिसेकंदात मिळतो आणि डिस्कवरून १० मध्ये. हिट रेशो ९० टक्के असेल तर सरासरी वेळ १.९, तोच ८० वर आला की २.८. म्हणजे जवळजवळ दीडपट!

आपल्या जालन्यातलं बियाण्यांचं दुकान घ्या. जूनमध्ये कपाशीची पाकिटं काउंटरवर, गव्हाचं बी गोडाऊनमध्ये. साठा मोजायला काढलेली सगळी पोती काउंटरवरच रचली तर कपाशी ठेवायची कुठे? रात्रीचा बॅच जॉब मोठा डेटासेट ओळीने वाचतो तेव्हा हेच होतं. एकदाच लागणारा डेटा रोजच्या डेटाला बाहेर ढकलतो. परीक्षेत आपण घोकतो ते साधं एलआरयू इथे फसतं.

आयबीएमच्या जुन्या ३९९० कंट्रोलरवर स्टोरेज क्लासमध्ये मिलिसेकंद रिस्पॉन्स ९९९ दिला की तो डेटासेट कॅशबाहेर राही. पण हे ठरवायचं माणसाने. २००५ साली बिनी गिल आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी धर्मेंद्र मोधा यांनी 'सार्क' पद्धत मांडली (देशांची सार्क नव्हे!). ओळीने वाचल्या जाणाऱ्या डेटाची यादी वेगळी, बाकीच्याची वेगळी. ज्या यादीचं शेपूट जास्त उपयोगी पडतं तिची जागा वाढवायची. डीएस८००० मध्ये ही पद्धत वापरली गेली.

तरीही हिट रेशो घसरलाच, तर आधी आरएमएफच्या रिपोर्टवरून त्या वेळी कोणता जॉब चालू होता ते बघायचं. जादा कॅशची मागणी त्यानंतर.