मुद्दल आणि व्याज : भूमीच्या संपत्तीचा जमाखर्च

मुद्दल कोणते आणि व्याज कोणते, हा भेद व्यापारी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. पेढीवर नुकत्याच बसू लागलेल्या मुलालाही पहिल्या वर्षीच कळून येते की, वखारीतील माल विकून गल्ल्यात आलेली सगळी रक्कम नफा नव्हे. जो गृहस्थ विक्रीचा प्रत्येक रुपया कमाई समजून खर्च करतो, त्याची वखार एके दिवशी रिकामी होते आणि तोवर घरखर्चाची सवय मात्र वाढलेली असते. गोष्ट इतकी साधी आहे. परंतु भूमीच्या पोटातील संपत्तीचा प्रश्न आला की, मोठमोठी सरकारे आणि कंपन्याही ती विसरतात. म्हणून हा विषय व्यापाऱ्याच्याच भाषेत मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

निसर्गाकडून आपल्याला मिळणारी साधने स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. सूर्यप्रकाश, वारा, नदीचे वाहते पाणी ही दरवर्षी नव्याने येतात. आज वापरली म्हणून उद्या कमी होत नाहीत. दगडी कोळसा, खनिज तेल आणि धातूंची खनिजे यांची गोष्ट निराळी. गोदावरीच्या खोऱ्यातील सिंगरेणीचा कोळसा सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींपासून बनला. तो आपण एका दुपारी भट्टीत घालतो. शास्त्रीय ग्रंथांत पहिल्या प्रकारास नवीकरणीय व दुसऱ्यास अनवीकरणीय असे म्हणतात. आपण त्यांना व्याज आणि मुद्दल म्हणू.

या दोहोंचा संबंध एकाच व्यवहारात पाहावयाचा असेल, तर कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींइतके बोधप्रद उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. तेथील सोने सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे. खोल भूगर्भातील उष्ण जलद्रव्यांनी ते खडकांच्या भेगांत गारेबरोबर आणून साठविले. आधुनिक पद्धतीने तेथे खाणकाम सुरू झाले ते १८८० च्या सुमारास, जॉन टेलर आणि मंडळी या इंग्रज पेढीच्या व्यवस्थेखाली. प्रथम चांगला माल वरच होता. टनभर दगडामागे चाळीस ग्रॅमहून अधिक सोने निघे. पुढे शिरा खाली खाली जात राहिल्या आणि माणसेही त्यांच्या मागे गेली. चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. त्या खोलीवर खडक इतका तापलेला असतो की, वरून थंड हवा सोडल्याशिवाय तेथे मनुष्य काम करू शकत नाही. शिवाय वरच्या भाराने खडक अकस्मात फुटत, आणि त्यात अनेक कामगारांनी प्राण गमावले.

आमच्या आजोबांची सराफी होती. कोलारच्या सोन्याविषयी ते नेहमी आदराने बोलत. पण ते किती खोलीवरून येते हे त्यांना ठाऊक होते असे मला वाटत नाही. सोन्याच्या भावात ही खोली कधी दिसत नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. खाणींतील यंत्रे आरंभी वाफेवर चालत, आणि त्यासाठी इंधन दूरवरून आणावे लागे. तो खर्च जड होऊ लागला, तेव्हा म्हैसूर संस्थानाने कावेरीवरील शिवनसमुद्र येथील धबधब्यावर वीज निर्माण करावयाचे ठरविले. दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत ही योजना हाती घेण्यात आली. खाण कंपन्यांनी वीज विकत घेण्याचा करार केला, म्हणजे गिऱ्हाईक आधी ठरले आणि मग भांडवल घातले गेले! १९०२ साली तेथील वीज तारांवरून सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारला पोहोचली. त्या काळी इतक्या लांब वीज नेल्याची उदाहरणे जगातही फार थोडी होती. १९०५ साली याच विजेने बंगळूर शहरातील रस्त्यांवर दिवे लागले.

यापुढचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या वहीत मांडून पाहावा. खाणीतून निघणाऱ्या दगडातील सोन्याचे प्रमाण घटत घटत टनामागे तीन ग्रॅमच्या आसपास आले. खोली मात्र वाढतच गेली. खाणी १९५६ साली म्हैसूर राज्याकडे व पुढे केंद्र सरकारकडे आल्या, तरी दगडातील सोने त्यामुळे वाढणार नव्हते. एक तोळा काढण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक झाला, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सुमारे एकशेवीस वर्षांत तेथून आठशे टनांच्या वर सोने निघाले. मागे राहिल्या त्या पाण्याने भरलेल्या खोल विहिरी आणि दळलेल्या दगडाचे प्रचंड ढीग. सोने वेगळे करण्यासाठी सायनाइड वापरीत, त्यावरून ते ढीग ओळखले जातात. वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीवर येते. तेथील हजारो माणसे आज पहाटेची गाडी धरून बंगळूरला कामाला जातात.

आणि शिवनसमुद्र? ज्या गिऱ्हाइकासाठी ते वीजगृह उभारले ते गिऱ्हाईक गेले, पण वीजगृह राहिले. सह्याद्रीवर पाऊस पडतो, कावेरी वाहते आणि चक्रे फिरतात. मुद्दल संपले; त्याच मुद्दलाच्या आधाराने उभे केलेले व्याजाचे साधन मात्र टिकले. म्हैसूरच्या कारभाऱ्यांनी हे सर्व आधीच जाणले होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांना संस्थानाचे उत्पन्न वाढवावयाचे होते. परंतु खाणीच्या पैशातून नदीची वीज उभी राहिली, आणि खाणगावासाठी मात्र तसे दुसरे काहीच उभे राहिले नाही, हा फरक एकाच तारेच्या दोन टोकांना स्पष्ट दिसतो.

व्याज म्हटले की ते आपोआप घरी चालून येते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. उन्हाळ्यात कावेरीचे पाणी कमी होई आणि कोलारची वीज अडे. या अडचणीमुळेही १९११ पासून कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू करण्यात आले. धरणात गाळ साचतो, यंत्रे झिजतात, पाऊस दगा देतो. आणि काही साधने तर व्याजाची असूनही आपण मुद्दलासारखी संपवितो. भूजल हे त्यांपैकी पहिले. पावसाने जितके पाणी मुरते त्याहून अधिक उपसले, की विंधनविहिरीची खोली दरवर्षी वाढत जाते. हा कोलारचाच प्रकार होय, फक्त सोन्याच्या ठिकाणी पाणी.

उलट, मुद्दलातही एक भेद आहे आणि तो आपल्या सराफ व धातूच्या व्यापारी बंधूंना विशेष जवळचा वाटेल. कोळसा एकदा जळला की गेला. राख आणि धूर यांपलीकडे त्याचे काही उरत नाही. सोने तसे नव्हे. कोलारचे बहुतेक सोने आजही कोणाच्या पाटल्यांत, कोणाच्या तिजोरीत आहे. मोडीत आले, आटविले, पुन्हा नवा दागिना झाला. तांबे, शिसे, लोखंड यांचेही तेच. ॲल्युमिनियमची मोड वितळवून पुन्हा धातू करण्यास, खनिजापासून नवा धातू करण्याच्या मानाने सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. भंगाराच्या धंद्याकडे आपल्याकडे जरा नाक मुरडून पाहतात. वस्तुतः मुद्दल परत वसूल करून आणणारा तो एकमेव व्यापार आहे.

आता गोव्याकडे वळू, कारण तेथील प्रश्न अजून मिटलेला नाही आणि आपले कित्येक सभासद त्याच्याशी निगडित आहेत. गोव्यातील लोहखनिज कोलारप्रमाणे खोल नाही. वरची माती व दगड दूर केले की ते उघडे पडते. बार्जांतून मांडवी व जुवारी नद्यांमार्गे मुरगाव बंदरात नेणे सोयीचे, त्यामुळे निर्यात झपाट्याने वाढली. २०१०-११ च्या सुमारास वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात माल बाहेर जाऊ लागला. बार्जवाले, ट्रकवाले, दुकानदार या सर्वांची भरभराट झाली. शेतांत खाणीचा गाळ आला तो वेगळा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने काम थांबविले व पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली, पुन्हा काम थांबले, आणि डिसेंबर २०२२ पासून नव्याने लिलाव होऊ लागले.

या सर्व घडामोडींत वर्तमानपत्रांनी बंदीविषयी रकाने भरले, पण २०१४ च्या निकालातील एका गोष्टीकडे व्यापारी वर्गाचे म्हणावे तसे लक्ष गेले नाही. खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम एका कायम निधीत ठेवावी आणि ती भावी पिढ्यांच्या उपयोगी यावी, असा तो आदेश होता. न्यायालयाने जणू वखारीतील माल संपत असल्याची नोंद वहीत घेण्यास सांगितले. सरकारी जमाखर्चात खनिजाची रॉयल्टी महसुलात धरली जाते, म्हणजे घरचे दागिने मोडून आलेली रक्कम पगाराच्या खात्यात जमा होते. तिचा एक भाग तरी भांडवल खात्यात जावा, ही कल्पना कोणत्याही मुनिमाला पटेल. दहा टक्के मला अपुरे वाटतात. परंतु वेगळे खाते उघडले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

शेवटी आपल्या स्वतःच्या वहीचे एक पान. आपल्या बहुतेकांच्या गोदामांवर सावली नसलेले सपाट किंवा पत्र्याचे छप्पर आहे. एक किलोवॅटच्या सौर पट्ट्यांना सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्या प्रदेशात वर्षाच्या सरासरीने त्यांतून दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. हजार फुटांच्या छपरावर दहा किलोवॅट, म्हणजे दिवसाला सुमारे चाळीस युनिट; पट्ट्यांचे आयुष्य पंचवीस वर्षांच्या सुमारास. पावसाळ्यात उत्पन्न बरेच घटते, तेव्हा तो आकडा कमी धरूनच हिशेब करावा. त्या पट्ट्यांतही चांदी, तांबे आणि ॲल्युमिनियम असते, म्हणजे ऊन व्याजाचे असले तरी ते गोळा करण्याचे भांडे मुद्दलातूनच घडविलेले आहे. जुन्या पट्ट्या मोडीत घेणारे दुकान आपल्याच गावात कोणी तरी आतापासून योजावयास हवे. जनित्रासाठी घेतलेल्या डिझेलची रक्कम आपण खर्चखाती लिहितो आणि वर्षअखेर तिचे काही शिल्लक राहत नाही. पट्ट्यांची रक्कम मालमत्तेच्या बाजूस जाते, तिच्यावर घसारा धरावा लागतो, आणि दुसऱ्या दिवाळीला वही उघडली की ती तेथे असते.