मागच्या लढाईची तयारी

कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण शिकतो की फीडबॅक उशिरा मिळाला तर सिस्टिम ऑसिलेट व्हायला लागते. देशाचं संरक्षण धोरण मला तसंच वाटतं. फक्त इथली एरर मार्कांत नाही, जवानांच्या जिवात मोजली जाते.

१९६२ पर्यंत आपलं लक्ष मुख्यतः पाकिस्तानकडे होतं. त्यामुळे चीनने हल्ला केला तेव्हा आपले जवान सुती कपड्यांत, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन हिमालयात लढले. त्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण आजही अभिमानाने म्हणतो. १९६४ च्या संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचं सैन्य, दहा माउंटन डिव्हिजन आणि हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन असं लक्ष्य ठरलं. आणि पुढचं मोठं युद्ध कुठे झालं? १९६५ मध्ये, पंजाबच्या सपाट शेतांत, रणगाड्यांचं!

पुढेही तेच. १९९९ च्या कारगिलनंतर सगळ्यांची नजर डोंगरातल्या घुसखोरीवर, तर २००८ मध्ये अतिरेकी मुंबईत आले ते समुद्रातून. मग २००९ मध्ये किनाऱ्याच्या सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाला दिली. २०२० मध्ये गलवानला २० जवान शहीद झाले आणि लक्ष पुन्हा उत्तरेकडे वळलं. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर ड्रोनचा सामना करावा लागला.

खरी अडचण वेळेची आहे. धोरण एका बैठकीत बदलतं, यंत्र बदलत नाही. 'तेजस'च्या प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली, पहिलं उड्डाण २००१ मध्ये झालं आणि हवाई दलात ते २०१६ मध्ये दाखल झालं. तेहतीस वर्षं! एवढ्या काळात धोका कितीदा तरी बदलला.

मग करायचं काय? मला वाटतं, शत्रू कोणीही असो, ज्याचा उपयोग होईल अशा गोष्टींना आधी पैसा द्यावा. १९८६ मध्ये घेतलेली बोफोर्स तोफ तेरा वर्षांनी कारगिलच्या शिखरांवर मारा करायला कामी आली. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला. तो लष्कराच्या ट्रकला जेवढा लागतो, तेवढाच लाहौलमधल्या पेशंटलाही. रस्ते, बोगदे, रडार, स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स, ही कामं कधीच आउटडेटेड होत नाहीत.

आपल्यातले काही जण उद्या डीआरडीओत किंवा सीमेवरच्या रस्त्यांवर काम करतील. त्यांनी डिझाइन करताना एवढंच विचारावं, की हे तयार होईल त्या दिवशी लढाई कुठे असेल?