मारा येथील मुक्काम

(वाचावे : निर्गम १५:२२–२७, गणना ३३:१–१०, रूथ १:१९–२२)

गणना पुस्तकाच्या ३३व्या अध्यायाशी आले म्हणजे आमचे पुष्कळ बंधु पाने उलटून पुढे जातात. येथून निघाले व तेथे उतरले, एवढेच तेथे आहे. परंतु ही यादी मोशेने परमेश्वराच्या आज्ञेवरून लिहिली, असे दुसऱ्याच वचनात सांगितले आहे. तिसऱ्या शतकातील ओरिगेन नामक गुरूने या ४२ मुक्कामांवर प्रवचन केले व देवाकडे चाललेल्या आत्म्याच्या निरनिराळ्या अवस्था त्यांत दाखविल्या.

असा अर्थ करणे योग्य काय? पौल करिंथकरांस सांगतो की, रानातील या गोष्टी पूर्वजांस घडल्या, आणि त्या आपल्या बोधासाठी लिहिल्या आहेत. दोन्ही धरून चालावे. एलीम येथील १२ झरे म्हणजे १२ प्रेषित व ७० खजुरी म्हणजे ७० शिष्य, असे काही प्राचीन गुरु सांगत. ऐकावयास हे गोड आहे. पण शास्त्र तसे म्हणत नाही, आणि तहानेलेल्याने झाडे मोजून काय करावे?

मारा मात्र आम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. समुद्र ओलांडला, स्तुतिगीत गाइले, आणि तीन दिवस पाणी नाही. मिळाले तेही कडू. बाप्तिस्म्यास वर्ष लोटले नाही तोच कोणा बंधूचे मन असे होते. भावकीने बोलणे सोडिलेले असते, प्रार्थनेस शब्द सुचत नाहीत. तो विचारतो, “माझा विश्वास खोटा होता काय?” अशा एकास आम्ही पूर्वी उत्तर दिले की, तुझ्या हातून काही पाप घडले असेल, ते शोध. तो पुढे कित्येक रविवार उपासनेस आला नाही. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

कारण इस्राएल लोक वाट चुकून तेथे गेले नव्हते. मेघस्तंभ त्यांच्यापुढे चालत होता. मारा वाटेवरच होता. लोकांनी कुरकुर केली, मोशेने धावा केला, आणि परमेश्वराने त्यास एक झाड दाखविले. दुसरी विहीर दाखविली नाही, हे ध्यानात घ्यावे. तेच पाणी गोड झाले.

नामीनेही बेथलेहेमास परतल्यावर, मला मारा म्हणा, असे बायांस सांगितले. तिच्या मनास दुसरे नाव सापडेना. तरी शास्त्रलेखक पुढे तिला नामीच म्हणतो.

उपदेशक बंधूंनो, असा कोणी दाराशी आला तर प्रथम त्याच्या पापाची चौकशी करू नका. त्यास जवळ बसवून गणनातील ती कोरडी यादी मोठ्याने वाचा. तीत कडू पाण्याचा उल्लेख नाही, कुरकुरीचाही नाही. ते मारा येथून निघून एलीमास आले, इतकेच आहे. आणि पुढल्या वचनात एलीमाहूनही निघाले.