मुक्कामाची झोप सांभाळ

पोरी, यंदा गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला अकोल्याहून पायी शेगावला निघालीस, फार बरं वाटलं. चालायचं कसं ते मी सांगत बसत नाही, ते पाय आपोआप शिकतात. मला सांगायचंय ते मुक्कामाचं. रात्रीची झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी नामस्मरण राहतं बाजूला आणि सगळं लक्ष टाचेकडे. अंतर 45 किलोमीटरच्या आसपास. एका दमात जाणारेही आहेत, पण पहिल्या खेपेला तू मध्ये एक रात्र थांबच.

मुक्काम म्हणजे शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, नाहीतर एखादं मंगल कार्यालय. तिथे उजेड असतानाच पोच. उशिरा येणाऱ्याला दाराजवळची जागा मिळते आणि रात्रभर माणसं उशापायथ्यावरून जातात. बायकांनी सगळ्यांनी एका अंगाला झोपायचं. म्हाताऱ्या आणि लेकरं भिंतीकडे, धडधाकट कडेला. संडास कुठे आहे, तिथला दिवा लागतो का, कडी बसते का, हे उजेडातच बघून ठेव. पहाटे चारला रांग लागते, म्हणून तू साडेतीनला ऊठ.

प्रकटदिनाची माघ वद्य सप्तमी म्हणजे आपल्याकडचा फसवा काळ. दुपारी ऊन चटकतं, म्हणून तुम्ही पोरी पांघरूण घरीच टाकून येता. मग पहाटे फरशीचा गारठा पाठीत शिरतो. अंगावर एक कमी चालेल, पण खाली जाड हवं. धान्याचं स्वच्छ पोतं उसवून घे, त्यावर सतरंजी घाल. महाराजांच्या पुण्यतिथीला, ऋषिपंचमीला कधी गेलीस तर याच वाटेवर पाऊस आणि काळ्या मातीचा चिखल असतो. तेव्हा कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोचल्याबरोबर पिशवी टाकून लवंडायचं नाही. पहिला अर्धा तास पायांचा. पाय धू, बोटांच्या बेचक्या कोरड्या पूस, आणि दिव्याखाली बसून तळवा नीट बघ. फोड आला असेल तर त्यावरची कातडी ओढून काढू नकोस. तीच आतल्या ओल्या जागेला झाकते. स्वच्छ पट्टी लाव. भोवती लाल, गरम झालं असेल किंवा पू दिसत असेल तर लाजू नकोस, डॉक्टरांना दाखव. मग भिंतीला पाय वर टेकवून थोडा वेळ पडून राहा, सूज उतरते. तेल चोळायचं ते रात्री. सकाळी चोळलंस तर चपलेत पाय सरकतो आणि नवा फोड येतो. मोजे तेव्हाच धुऊन वाळत घाल. ओल्या मोज्यांपेक्षा अनवाणी बरं.

जेवायला पिठलं-भाकरी मिळेल, आणि वाढणाऱ्या बाया आग्रह करतील. हवं तेवढंच घे, पण पानात काही टाकू नकोस. महाराज 23 फेब्रुवारी 1878 ला शेगावात पहिल्यांदा दिसले ते टाकलेल्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. त्यांच्याकडे निघालेल्या माणसाने अन्न टाकावं, हे मला सहन होत नाही. जेवण झाल्यावर भांडी घासायला उभी राहा. त्या बायांना घरचं आवरून इथे यावं लागतं. सकाळी निघताना आपली जागा झाडून निघ, आणि देवळात दानपेटी असेल तर त्यात जमेल ते टाक.

चार्जिंगचा एकच प्लग असतो आणि फोन शंभर. रात्री फोन बंद ठेव. आधारकार्ड मात्र जवळच असू दे. शेगावात भक्तनिवासात ओळखपत्राशिवाय खोली देत नाहीत, आणि उत्सवात ते असूनही मिळेलच असं नाही. मिळाली नाही तर सेवाधाऱ्यांशी हुज्जत घालू नकोस. ही माणसं गावोगावहून, घरचं काम सोडून, बिनपगारी येतात. दिवसभर उभी राहूनही समोरच्याला 'माऊली' म्हणतात. संस्थानाचं काम पाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांनी आयुष्यभर जपलेली ही शिस्त आहे. भाऊ 2021 मध्ये गेले, शिस्त राहिली. सेवाधारी सांगतील तिथे मंडपात सतरंजी पसर. इतक्या गर्दीत तुला स्वच्छ फरशी मिळते ती त्यांच्यामुळेच.

दर्शनाची रांग मोठी असेल. आधी महाप्रसाद घे, घटकाभर पड, मग रांगेला लाग. उपाशी आणि झोपाळू माणसाचं गाभाऱ्यापर्यंत पोचूनही मन लागत नाही. परतीला पायी यायचा हट्ट धरू नकोस. अकोल्याकडे गाड्या असतात. तोपर्यंत पाय सुजलेले असतील, म्हणून एक सैल चप्पल पिशवीत सगळ्यात वर ठेव, आणि गाडीत बसलीस की तुझ्या आईला आधी फोन कर, मला नंतर.