जुन्या मोटारीतील स्पीकर : एक अभ्यास

मोटारीतील रेडिओला आता जवळजवळ शंभर वर्षे होत आली. अमेरिकेत १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाचा मोटारीचा रेडिओ बाजारात आला. त्याच्या पाच वर्षे आधी, १९२५ मध्ये, राइस व केलॉग या दोन संशोधकांनी चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा स्पीकर सिद्ध केला होता. आज सर्रास वापरात असलेला मोटारीतील स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. हा विषय कलाशाखेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु गाणे ऐकू यावे आणि त्यातील शब्द मात्र कळू नयेत, ही तक्रार भाषेच्या विद्यार्थ्याचीच आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जुनी मारुती ८०० किंवा क्वचित प्रीमियर पद्मिनी जिवापाड जपणारी घरे आहेत. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली व तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. म्हणजे अशी प्रत्येक गाडी आता दहा वर्षांहून जुनी आहे. वैशाखातील उन्हात बंद उभ्या राहणाऱ्या गाडीत स्पीकरचा कागदी पडदा कडक होतो, त्याच्या कडेचा फोम भुगा होऊन गळतो, आणि आवाज फाटू लागतो.

शब्द हरवतात ते असे. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या कंपनसंख्येचे व जोरकस असतात. ‘स’सारख्या घर्षक व्यंजनाचा मुख्य जोर मात्र सेकंदाला चार हजार कंपनांच्या वर असतो. जुना टेलिफोन सुमारे ३,४०० कंपनांपर्यंतचाच आवाज नेत असे. म्हणून त्यावर ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होई. जीर्ण झालेला एकच मोठा कागदी पडदा हेच करतो. स्वर पोचतात, व्यंजने वाटेतच विरतात. मग आपण आवाज वाढवतो; त्याने गोंगाट वाढतो, अर्थ वाढत नाही.

यावर उपाय करताना क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ तरुण प्रथम मागे मोठा बूफर व अँप्लिफायर बसवतात. वास्तविक सुरुवात पुढच्या स्पीकरपासून करावी. स्वतंत्र ट्विटर असलेला किंवा मध्यभागीच ट्विटर जोडलेला स्पीकर घ्यावा. जागेचे माप आणि मागची खोली आधी मोजावी. जुन्या गाडीचा पत्रा शक्यतो कापू नये, कारण कापलेल्या कडेला गंज लवकर धरतो.

खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यांना भुलू नये. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर साध्या टेपला चार ओहमच्या स्पीकरला गणिताने फार तर पंचवीसेक वॉट देता येतात. प्रत्यक्षात त्याहून कमी. तेव्हा संवेदनक्षमता पाहावी. तीच ताकद मिळाली असता ८८ डेसिबलच्या स्पीकरपेक्षा ९१ डेसिबलचा स्पीकर इतका मोठा वाजतो, की तेवढाच आवाज काढण्यास पहिल्याला दुप्पट ताकद लागते.

स्पीकर नुसता भोकावर ठेवून भागत नाही. पडदा पुढे जातो तेव्हा मागची हवा विरळ होते; पुढची व मागची लहर एकमेकींत मिसळली, की खर्ज नाहीसा होतो. म्हणून प्लायवुडची कडी करून, फटी बुजवून, स्पीकर घट्ट आवळावा. दोन्ही बाजूंच्या तारांची दिशाही एकच हवी. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा : सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकास लागले असता पडदा बाहेर यावा. एका बाजूस उलट जोडणी झाली, तर चांगले स्पीकरही पोकळ वाजतात.

सर्वांत धोक्याची गोष्ट वायरिंगची. काही जुन्या रेडिओंत स्पीकरची एक तार गाडीच्या पत्र्यालाच जोडलेली असे. आजच्या टेपला ती पद्धत चालत नाही; त्याने टेप जळतो. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा ओढाव्यात. अँप्लिफायर लावायचाच असेल, तर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. नाहीतर पत्र्याला घासून सोललेली तार आग लावू शकते. फार जुन्या गाडीत आल्टरनेटरऐवजी डायनामो असतो. गाडी उभी असताना तो पुरेसा चार्ज देत नाही. अशा गाडीवर अँप्लिफायरचा भार टाकला, की सकाळी बॅटरी उतरलेली सापडते.

शेवटी मर्यादेचा विचार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. शिवाय बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाटाच्या वळणावर समोरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणे हे कोणत्याही गाण्याहून मोलाचे आहे. चांगल्या स्पीकरची परीक्षा काच हादरण्यात नाही. आवाज कमी ठेवूनही आपल्या भाषेतील प्रत्येक व्यंजन स्पष्ट ऐकू आले आणि मागे बसलेल्या आजीला “काय म्हणाला तो?” असे विचारावे लागले नाही, म्हणजे खर्च सार्थकी लागला असे समजावे.